नैराश्यावर डोक्याला मंद करंट: टीडीसीएसच्या चाचणीत नाव देण्याआधीचे प्रश्न

चाचणीची चौकशी करायला येणाऱ्या माणसाच्या मनात मुळात दोनच प्रश्न असतात. "शॉक देणार का?" आणि "गुण येईल का?" पहिल्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. दुसऱ्यासाठी हे सगळं लिहावं लागलं. सहभागींना संमतीपत्र समजावून सांगणं हे माझं काम, त्यामुळे खालचे प्रश्न मी बनवलेले नाहीत. खुर्चीत बसलेल्या माणसांनी ते विचारलेले आहेत, काहींनी डोक्यावर पट्टा बांधून झाल्यावर.

टीडीसीएस म्हणजे नेमकं काय?

पूर्ण नाव ट्रान्सक्रेनिअल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन. कवटी न उघडता, सुई न टोचता, बाहेरूनच डोक्यातून अगदी मंद आणि एकाच दिशेने वाहणारा करंट सोडायचा. यंत्र साधं असतं: बॅटरीवर चालणारी छोटी पेटी, दोन वायरी, दोन इलेक्ट्रोड आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज. करंट सहसा २ मिलीअँपिअर, वेळ २० ते ३० मिनिटं. यंत्रांवर जो बारीक एलईडी दिवा लुकलुकतो त्याला साधारण २० मिलीअँपिअर लागतात. म्हणजे इथला करंट त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा.

म्हणजे शॉक ट्रीटमेंटच ना?

नाही. शॉक ट्रीटमेंट म्हणजे ईसीटी. १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी ती सुरू केली. आज ती भूल देऊन, स्नायू सैल करणारं औषध देऊन करतात. तिथे करंट ८०० मिलीअँपिअरच्या आसपास असतो, आणि मेंदूत आकडी आणणं हाच उपचाराचा गाभा असतो. टीडीसीएसमध्ये करंट त्याच्या चारशेव्या भागाइतका. भूल नाही, आकडी नाही. तुम्ही जागे असता, बोलत असता, मध्येच नाक खाजवायला हात वर करता.

जाता जाता एक सांगते. ईसीटीचं नाव सिनेमांनी जितकं बदनाम केलं तितकी ती वाईट नाही. अगदी तीव्र नैराश्यात, माणसाने खाणंपिणं सोडलं असताना, तिच्याइतका गुण देणारे उपचार आजही मोजकेच आहेत. टीडीसीएस तिची जागा घ्यायला आलेलं नाही. त्याची बरोबरी करायचीच तर गोळ्यांशी करावी.

एवढ्याशा करंटने मेंदूचं काय होणार?

ही शंका शास्त्रज्ञांनाही होती आणि काहींना अजून आहे. डोक्यावर सोडलेल्या करंटचा मोठा भाग आत जातच नाही. कातडीतूनच आडवा वाहून दुसऱ्या इलेक्ट्रोडकडे निघून जातो. मृतदेहांवर मोजमाप केलं तेव्हाही हेच दिसलं. जो थोडा करंट मेंदूत पोचतो त्याचं विद्युतक्षेत्र दर मीटरला एका व्होल्टपेक्षाही कमी भरतं. एखाद्या चेतापेशीला संदेश सोडायला लावायचं तर तिच्या आतला विद्युतदाब साधारण १५ मिलीव्होल्टने वर न्यावा लागतो. टीडीसीएसने तो एक मिलीव्होल्टही हलत नाही.

मग उपयोग काय? झोपाळा आठवा. थांबलेला झोपाळा करंगळीच्या टोकाने हलत नाही, पण चालू झोक्याला योग्य क्षणी तेवढाच स्पर्श पुरतो. हा करंट पेशींना बोलायला लावत नाही. ज्या आधीच बोलण्याच्या बेतात आहेत त्यांना किंचित कलतं करतो. २००० साली जर्मनीतल्या गटिंगेनमध्ये निट्शे आणि पाउलुस या दोन संशोधकांनी ते नीट मोजून दाखवलं. हाताची हालचाल सांभाळणाऱ्या भागावर काही मिनिटं १ मिलीअँपिअर करंट दिला, मग चुंबकीय स्पंदाने बोटाचा स्नायू फडकवला आणि तो किती जोरात फडकतो ते पाहिलं. धन टोकाखाली मेंदूचा तो भाग जास्त तत्पर झाला होता, ऋण टोकाखाली मंदावला होता. आणि करंट बंद केल्यावरही तो परिणाम काही मिनिटं टिकला. पुढच्याच वर्षी, करंट थोडा जास्त वेळ दिला तर परिणाम तासभर आणि त्याहून जास्त टिकतो असंही त्यांना आढळलं.

टिकतो कसा, याचा धागा औषधांच्या प्रयोगातून मिळाला. चेतापेशींवर रासायनिक संदेश टिपणाऱ्या ज्या जागा असतात त्यांना ग्राहक म्हणतात; त्यातल्या एनएमडीए नावाच्या ग्राहकांना अडवणारं औषध आधी दिलं तर नंतरचा परिणाम उरत नाही. शिकताना, लक्षात ठेवताना पेशींमधले जोड घट्ट होतात ते याच ग्राहकांच्या मदतीने. म्हणून एका सत्राने फारसं काही होत नाही, आणि म्हणूनच तुम्हाला रोज बोलावतात. पण बोटाच्या फडफडण्यापासून मनाच्या उदासीपर्यंतची उडी फार लांबची आहे. ती सिद्ध झाली आहे असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नका.

कपाळाच्या डाव्या बाजूलाच का लावतात?

डाव्या कपाळामागे, जरा वरच्या अंगाला, मेंदूचा जो भाग आहे तो बेत आखणं, लक्ष टिकवणं, मनात घोळणारा विचार बाजूला सारणं अशी कामं सांभाळतो. नैराश्यात हा भाग मंदावलेला असतो, असं मेंदूच्या चित्रणांवरून बऱ्याचदा दिसलं आहे. म्हणून धन टोक डावीकडे आणि ऋण टोक उजव्या कपाळाकडे. मात्र स्पंज तळहाताएवढा, साधारण ५ बाय ७ सेंटिमीटरचा असतो. त्यामुळे करंट नेमक्या एका जागी पोचतो ही समजूत सोडून द्या. तो पुढच्या सगळ्या भागात पसरतो.

ही कल्पना नवी आहे का?

मुळीच नाही. रोमन काळात स्क्रिबोनिअस लार्गुस नावाचा वैद्य डोकेदुखीवर जिवंत विजेचा मासा कपाळाला लावायला सांगत असे. व्होल्टाने १८०० साली विद्युतघट जाहीर केला आणि पुढच्याच वर्षी गॅल्व्हानीच्या भाच्याने, जोव्हान्नी आल्दिनीने, तो एका उदास शेतकऱ्यावर वापरून पाहिला आणि तो बरा झाल्याचं लिहून ठेवलं. त्याआधी आल्दिनीने स्वतःच्या डोक्यावर प्रयोग केला होता, आणि नंतर कित्येक दिवस आपल्याला झोप लागली नाही हेही लपवलं नाही. १९६४च्या सुमाराला इंग्लंडमध्ये लिपोल्ड आणि रेडफर्न यांनी हीच वाट पुन्हा चोखाळली. सुरुवातीचे निकाल उत्साहाचे होते, पुढच्या चाचणीत ते उतरले नाहीत, आणि तोवर गोळ्यांचा जमाना आला होता. उत्साह, मग निराशा, मग पुन्हा उत्साह, हे चक्र या उपचाराला नवं नाही.

प्रत्यक्ष सत्रात काय करतात?

टेपने डोकं मोजतात. नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत एक माप, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत दुसरं, आणि त्यावरून जागेवर खूण. केस बाजूला सारून कातडी पुसतात. स्पंज भिजवतात. हे भिजवणं दिसतं तेवढं सोपं नाही. पाणी कमी पडलं तर करंट कातडीच्या एखाद्या छोट्या ठिपक्यातून घुसतो आणि तिथे भाजतं. जास्त झालं तर पाणी कपाळावरून ओघळतं, दोन्ही स्पंजांच्या मध्ये ओला पट्टा तयार होतो आणि करंट मेंदूत जाण्याऐवजी त्या ओलाव्यातूनच पलीकडे जातो. माझ्या हातून पहिल्या आठवड्यात एका सहभागीच्या चष्म्यावरून मिठाचं पाणी थेट शर्टावर उतरलं होतं. तेव्हापासून मी खिशात कोरडा रुमाल ठेवते.

यंत्र आधी रोध मोजतं, म्हणजे करंटला वाटेत किती अडथळा होतो ते. तो ५ किलोओहमच्या आसपास असेल तर २ मिलीअँपिअरसाठी १० व्होल्ट लागतात. स्पंज वाळायला लागला की रोध वाढतो. यंत्राला करंट तोच ठेवायचा असतो, म्हणून ते व्होल्टेज वाढवतं, आणि मर्यादा ओलांडली की स्वतःच बंद पडतं. मग आम्ही पिचकारीने पाणी सोडतो.

करंट एकदम सुरू होत नाही, साधारण अर्ध्या मिनिटात हळूहळू चढतो. तेव्हा मुंग्या चालल्यासारखं वाटतं, खाज सुटते, थोडं उष्ण लागतं. काहींना डोळ्यांपुढे क्षणभर चमकल्यासारखं होतं. दोन-तीन मिनिटांत कातडीला सवय होते आणि मग अर्धा तास नुसतं बसायचं. झोपू नका एवढंच आम्ही सांगतो.

लुटुपुटूचा उपचार म्हणजे काय? ही फसवणूक नाही का?

सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा येतो, म्हणून इथे जरा थांबते.

चिठ्ठ्या टाकाव्यात तशी संगणक सहभागींची वाटणी करतो. काहींना खरा करंट मिळतो, काहींना शॅम, म्हणजे लुटुपुटूचा. लुटुपुटूच्या सत्रातही डोकं मोजतात, स्पंज भिजवतात, पट्टा बांधतात. करंटही सुरू होतो, अर्धा मिनिट चढतो, मुंग्या येतात, आणि मग गुपचूप उतरून बंद होतो. पेटीवरचा पडदा मात्र चालूच राहतो. खरा की खोटा हे यंत्रात टाकलेल्या सांकेतिक आकड्यावर ठरतं, आणि त्या आकड्याचा अर्थ मलाही माहीत नसतो. माहीत असता तर माझ्या चेहऱ्यावरून तुम्हाला कळला असता.

एवढा खटाटोप कशासाठी? हातगुणासाठी. एखाद्या डॉक्टरच्या हाताला गुण असतो असं आपण म्हणतो. औषध तेच, पण त्यांनी दिलं की लागू पडतं. त्यात थट्टा करण्यासारखं काही नाही, नैराश्यात तर हातगुण फारच मोठा असतो. विचार करा: जो माणूस महिनोन्‌महिने अंथरुणातून उठत नव्हता तो आता सलग तीन आठवडे रोज ठरलेल्या वेळी आंघोळ करून घराबाहेर पडतो. कोणीतरी त्याची वाट पाहत असतं, झोप कशी लागली विचारतं, त्याचं उत्तर लिहून घेतं. करंट शून्य असला तरी एवढ्याने बरं वाटणारच. शिवाय माणूस चाचणीत येतो तो दुखणं शिगेला पोचल्यावर, आणि शिगेला पोचलेलं दुखणं बऱ्याचदा आपोआपही थोडं उतरतं.

हे सगळं दोन्ही गटांना सारखंच मिळतं. म्हणून एका गटाच्या बरेपणातून दुसऱ्या गटाचा बरेपणा वजा केला की जे उरतं ते करंटचं. सगळी चाचणी म्हणजे ही एक वजाबाकी आहे. आणि फसवणूक म्हणाल तर नाही. शॅम मिळू शकतो हे संमतीपत्रात ठळकपणे लिहिलेलं असतं, आणि ते वाचून सही करायची असते. न वाचता सही करू नका. मी समोर घड्याळ पाहत बसले असले तरी.

बरं वाटलं हे मोजतात कसं?

प्रश्नावलीने. सगळ्यात जुनी आणि वापरातली म्हणजे १९६० सालची हॅमिल्टनची: १७ प्रश्न, जास्तीत जास्त ५२ गुण, गुण जितके जास्त तितकं नैराश्य तीव्र. गुण निम्म्यावर आले तर 'प्रतिसाद' मिळाला म्हणतात, ७ किंवा त्याहून खाली आले तर 'आजार उतरला'. दुसरी प्रश्नावली माँटगोमेरी-आसबर्गची, १० प्रश्नांची.

हॅमिल्टनच्या १७ प्रश्नांपैकी ३ झोपेचे आहेत आणि त्यांचे मिळून ६ गुण होतात. म्हणजे मन तितकंच जड असूनही नुसती झोप सुधारली तरी गुण चांगले उतरू शकतात. पुढे निकालांचे आकडे येतील तेव्हा हे ध्यानात ठेवा.

मग आतापर्यंतचे निकाल काय सांगतात?

एका वाक्यात सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

आधी चांगली बातमी. २०१३ साली ब्राझीलमध्ये ब्रुनोनी आणि सहकाऱ्यांनी १२० रुग्णांवर चाचणी केली. करंट आणि सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी, दोन्ही खरी, दोन्ही खोटी, एक खरी एक खोटी, असे चार गट. सहा आठवड्यांनी सगळ्यात जास्त फायदा दोन्ही खरी मिळालेल्यांना झाला. तेव्हा या क्षेत्रात खूप आनंद झाला होता.

मग त्याच गटाने अवघड प्रश्न विचारला: करंट गोळीच्या तोडीचा आहे का? २०१७ साली आलेल्या या चाचणीत २४५ रुग्ण होते. काहींना एसिटॅलोप्राम ही नैराश्यावरची गोळी, काहींना करंट, आणि काहींना दोन्ही खोटं. दहा आठवड्यांत हॅमिल्टनचे गुण गोळीच्या गटात ११.३ ने उतरले, करंटच्या गटात ९ ने आणि खोट्या गटात ५.८ ने. म्हणजे करंट खोट्या उपचारापेक्षा सरस ठरला, पण गोळीच्या तोडीचा आहे हे सिद्ध झालं नाही. आता ती वजाबाकी करून पाहा: ९ मधून ५.८ गेले, उरले ३.२. आणि झोपेचे गुण ६.

२०२० साली मोफा आणि सहकाऱ्यांनी ९ चाचण्यांमधल्या ५७२ रुग्णांची एकेक नोंद एकत्र करून पुन्हा हिशेब केला. खऱ्या करंटच्या गटात ३०.९ टक्के लोकांना प्रतिसाद मिळाला, लुटुपुटूच्या गटात १८.९ टक्के. फरक खरा आहे, पण डोळे दिपावेत असा नाही. साधारण नऊ जणांना उपचार द्यावा तेव्हा त्यातल्या एकाला शॅमपेक्षा जास्तीचा फायदा होतो.

आणि मग २०२३. जर्मनीतल्या आठ रुग्णालयांनी मिळून १६० जणांची चाचणी केली. सगळे आधीपासून गोळ्या घेणारे, त्यावर खरा किंवा खोटा करंट, सहा आठवड्यांत २४ सत्रं. माँटगोमेरी-आसबर्गचे गुण खऱ्या गटात ८.२ ने उतरले, खोट्या गटात ८ ने. वजाबाकी ०.२. ही बातमी आली त्या दिवशी आमच्या खोलीत कोणी फारसं बोललं नाही.

आणि घरी करायच्या यंत्रांचे निकाल?

तिथेही दोन तोंडं दोन दिशांना. २०२४ साली ब्रिटन आणि अमेरिकेतल्या १७४ जणांनी दहा आठवडे घरीच यंत्र वापरलं, तेही दूरस्थ देखरेखीखाली. खऱ्या गटातल्या ४४.९ टक्के लोकांचा आजार उतरला, खोट्या गटात २१.८ टक्के. दुपटीपेक्षा जास्त! त्याच वर्षी ब्राझीलमध्ये २१० जणांची घरगुती चाचणी झाली, त्यात मोबाइलवरच्या मानसोपचार कार्यक्रमाचीही जोड होती. तिथे खऱ्याखोट्यात फरक पडला नाही.

पहिल्या चाचणीत एक खोच आहे. शेवटी लोकांना विचारलं, तुम्हाला कोणता करंट मिळाला असेल? खऱ्या गटातल्या सुमारे ७८ टक्के लोकांनी 'खरा' असं सांगितलं, खोट्या गटातल्या ५९ टक्के लोकांनी. म्हणजे खरा मिळालेल्यांना थोडाफार सुगावा लागला होता. सुगावा लागला की हातगुण दोन्हीकडे सारखा राहत नाही आणि वजाबाकी बिघडते. अर्थात बरं वाटायला लागलं म्हणूनच त्यांनी 'खरा' म्हटलं असेल, असंही होऊ शकतं. हा गुंता सुटणं फार कठीण आहे.

एकच यंत्र, एकच करंट, मग निकाल असे वेगवेगळे का?

कारणं अनेक, आणि प्रत्येकाचं आवडतं कारण वेगळं. कवटीची जाडी, कातडीखालची चरबी, मेंदूच्या घड्यांची ठेवण माणसागणिक निराळी. त्यामुळे बाहेर २ मिलीअँपिअर सारखेच दिले तरी आत पोचणारा हिस्सा एकाला दुसऱ्याच्या दुप्पटही मिळतो. औषधांमुळेही फरक पडतो. मेंदू शांत करणाऱ्या, झोपेसाठी किंवा घाबरेपणासाठी देतात त्या बेंझोडायझेपिन गोळ्या घेणाऱ्यांना करंटचा फायदा कमी होतो असं दिसलं आहे. सत्र चालू असताना माणूस काय करतोय, भिंतीकडे बघतोय की कोडं सोडवतोय, यानेही फरक पडावा. झोपाळा चालू होता की थांबलेला, तीच गोष्ट.

आणि कधीकधी खुद्द शॅमच चुकतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत खोट्या गटालाही सत्रभर अगदी बारीकसा, ०.०३४ मिलीअँपिअरचा करंट मिळत होता. निकाल आले तेव्हा खोटा गट खऱ्यापेक्षा मागे नव्हता, उलट काही बाबतीत पुढे होता. तो बारीक करंटच काम करून गेला की नुसता हातगुण, यावर अजून वाद आहे. माझं मत विचाराल तर हातगुण. पण ते मत आहे, पुरावा नाही.

चालू गोळ्या बंद कराव्या लागतील का?

चाचणीगणिक नियम वेगळा. काही चाचण्यांत गोळी चालू ठेवतात, फक्त काही आठवडे आधीपासून मात्रा बदलायची नाही अशी अट असते. काहींत गोळी नसलेलेच लोक घेतात. पण चाचणीत बसावं म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या थांबवून येऊ नका. तसं करून येणारे दरवर्षी भेटतात, आणि गोळी एकदम थांबवल्याची चक्कर, चिडचिड, निद्रानाश घेऊन येतात. मग आम्ही त्यांना घेऊ शकत नाही ते नाहीच.

धोके काय?

खाज, मुंग्या, इलेक्ट्रोडखाली लालसरपणा, हलकी डोकेदुखी, थकवा. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं आणि तासाभरात जातं. २०१६ साली तोवरच्या ३३,००० हून जास्त सत्रांचा आढावा घेतला गेला. नेहमीच्या मर्यादेत, म्हणजे ४० मिनिटांपर्यंत आणि ४ मिलीअँपिअरपर्यंत, गंभीर इजेची एकही नोंद सापडली नाही.

दोन गोष्टी मात्र हलक्यात घेऊ नका. एक म्हणजे भाजणं. ते जवळजवळ नेहमी वाळलेल्या स्पंजामुळे किंवा साध्या नळाच्या पाण्यामुळे होतं. ठणकलं तर लगेच सांगा, सहन करत बसू नका. सहनशीलतेचे गुण प्रश्नावलीत नाहीत. दुसरी, मन उलट्या दिशेला उसळणं, म्हणजे मेनिया. झोप नको, बोलणं थांबत नाही, पैसा पाण्यासारखा उडवायची इच्छा. २०१७च्या त्या चाचणीत करंटच्या गटात दोघांना असं झालं. २०१३च्या चाचणीतही अशा काही नोंदी होत्या, आणि त्यातल्या बहुतेक गोळी आणि करंट दोन्ही खरी मिळालेल्यांच्या. हे आधी घरच्यांच्या लक्षात येतं, कारण उसळलेल्या माणसाला आपण अगदी ठणठणीत झालो असंच वाटत असतं. म्हणून पहिल्या भेटीला घरचं कोणीतरी बरोबर आणायला सांगतो.

कोणाला घेत नाहीत?

डोक्यात धातूचा तुकडा किंवा कानाचं कॉक्लिअर इम्प्लांट असलेले, कवटीचं ऑपरेशन झालेले, अपस्माराचे रुग्ण, पेसमेकर असलेले, इलेक्ट्रोडच्या जागी जखम किंवा त्वचारोग असलेले. गरोदर स्त्रियांनाही बहुतेक चाचण्या घेत नाहीत. आत्महत्येचा धोका मोठा असेल तर त्या माणसाला खोट्या उपचाराच्या शक्यतेवर ठेवणं योग्य नाही, त्याला लगेच पूर्ण उपचार हवेत. नकार मिळाला म्हणजे तुमचा आजार खोटा असं मुळीच नाही.

चुंबकाचा उपचार म्हणतात तो हाच का?

नाही, तो टीएमएस. त्यात डोक्याजवळ धरलेल्या गुंडाळीतून जोरदार चुंबकीय स्पंद सोडतात, आणि ते पेशींना खरोखर संदेश सोडायला लावतात. टकटक आवाज येतो, यंत्र मोठं आणि महाग असतं. नैराश्यासाठी त्याला अमेरिकेत २००८ सालीच मान्यता मिळाली आणि त्यामागचा पुरावा टीडीसीएसपेक्षा भक्कम आहे. टीडीसीएसकडे आशेने बघायचं एक कारण म्हणजे ते स्वस्त, लहान आणि उचलून नेता येण्याजोगं आहे. स्वस्त असणं आणि गुणकारी असणं या मात्र दोन वेगळ्या गोष्टी.

९ व्होल्टची बॅटरी आणि दोन वायरी लावून घरी करून पाहिलं तर?

करू नका. बॅटरीला रोधाशी देणंघेणं नसतं. स्पंज हलला, ओलावा बदलला की करंट बदलतो, आणि त्याला आवर घालणारी पेटी तुमच्याकडे नसते. शिवाय 'थोडं चांगलं, तर जास्त अजून चांगलं' हे इथे खरं नाही. हालचालीच्या भागावरच्या प्रयोगांत वेळ किंवा करंट वाढवल्यावर परिणाम उलटलेलाही दिसला आहे. २०१६ साली या क्षेत्रातल्या बऱ्याच संशोधकांनी मिळून घरी प्रयोग करणाऱ्यांसाठी जाहीर पत्र लिहिलं, त्यातही हीच काळजी होती. देखरेखीखाली दिलेलं प्रमाणित यंत्र ही वेगळी गोष्ट, ते डॉक्टरशी बोलून.

मध्येच सोडायचं असेल तर?

कधीही सोडा. कारण सांगायची सक्ती नाही, आणि तुमच्या नेहमीच्या उपचारांवर त्याचा परिणाम होता कामा नये. फक्त न सांगता गायब होऊ नका. शेवटची प्रश्नावली भरून दिलीत तर वजाबाकी जरा कमी बिघडते.

चाचणी चालू असतानाच मन फारच खचलं तर?

पुढच्या सत्राची वाट पाहू नका. जीव द्यावासा वाटला तर त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा, तातडीच्या वैद्यकीय सेवेला किंवा हेल्पलाइनला फोन करा. चाचणीच्या डॉक्टरांचा नंबर संमतीपत्रावर असतोच. आपल्याला लुटुपुटूचा करंट मिळतोय का, म्हणून असं होतंय का, ही शंका तेव्हा बाजूला ठेवा. गरज पडली तर डॉक्टर संकेत उघडून बघतात, तशी सोय प्रत्येक चाचणीत असते.

मला खरा मिळाला की खोटा, हे शेवटी कळतं का?

बहुतेक ठिकाणी कळतं, पण सगळ्यांचं काम संपल्यावर, म्हणजे कधीकधी वर्षभराने. खोट्या गटातल्यांना नंतर खरा उपचार देण्याची सोय काही चाचण्यांत असते, काहींत नसते. सही करण्याआधी हे विचारून घ्या.

एका सहभागीला मी हे फोनवर सांगितलं होतं. तीन महिन्यांत ती पुन्हा कामावर रुजू झाली होती, गुण निम्म्याहून खाली आले होते, आणि तिला मिळाला होता लुटुपुटूचा. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "म्हणजे ते रोजचं यायचं बंद करायला नको होतं तर." त्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. मी तिच्या पुढच्या तपासणीची तारीख सांगितली.